पाण्यावरचा वाटाड्या

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये वाढलेला माणूस समुद्राविषयी लिहू लागला, तर वाचकाला आश्चर्य वाटणे साहजिक आहे. कोकणचा किनारा येथून रेल्वेने दीड-दोन दिवसांच्या अंतरावर आहे. पण माझे वडील मूळचे मालवणकडचे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले; त्याच्या आदल्या वर्षी वडील नोकरीसाठी येथे आले आणि येथेच राहिले. पाळी संपली की आपल्या हाताखालची सर्व माणसे बाहेर आली की नाही, हे मोजल्याशिवाय ते सायकलला हात लावीत नसत. उन्हाळ्याच्या सुटीत आई आम्हांला आजोळी नेई. तेथे मामा तांडेल होते. हिवाळ्यात मात्र दुर्ग जिल्ह्यातील तलावांवर उत्तरेकडून बदकांचे थवे उतरत आणि रविवारी सायकलवरून आम्ही ते पाहावयास जात असू. अशी दोन पाणी माझ्या वाट्याला आली. पुढे तोच माझा व्यवसाय झाला. वर्षाचे काही महिने मी मालवणच्या किनाऱ्यावर हौशी लोकांना गळाच्या मासेमारीसाठी नेतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी छत्तीसगडच्या तलावांवर बदके दाखवतो.

मामांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे भरतीचे गणित. पंचांगातील तिथीची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हे गणित बोटांवर करता येते. याचा उपयोग खडकावर बसून गळ टाकणाऱ्याला फार. ओहोटीला कोरड्या पायांनी ज्या खडकावर जाता येते, त्याच्या मागची वाट भरतीच्या वेळी नकळत पाण्याखाली जाते. मासा समोर असतो आणि पाणी पाठीमागून येते. म्हणून माझे पाहुणे गळ टाकण्यात रंगलेले असले, तरी मी समुद्राकडे पाठ करून मागच्या वाटेकडे पाहत असतो. त्यांना हे चमत्कारिक वाटते.

वाळूचा किनारा खडकापेक्षा सुरक्षित, असा शहरी माणसाचा समज असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्या दिवसानंतर कित्येक महिने मी पाहुण्यांना गुडघ्यापेक्षा अधिक पाण्यात जाऊ दिले नाही. लाटा किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी कोठून तरी परत जाते. जेथून ते वेगाने परततेʼ तो पट्टा वरून शांत दिसतो, तेथे लाटा फुटत नाहीत, आणि म्हणूनच नवखा माणूस नेमका तेथे उतरतो. अशा ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टहास करू नये. बळ संपते आणि माणूस जागचा हलत नाही. किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

नोव्हेंबर २००९ ची आठवण मात्र निराळी आहे. नागपूरहून चार पाहुणे आले होते. दोन दिवसांची रजा, आरक्षित परतीचे तिकीट, आणि तांबोशी गळाला लागलीच पाहिजे अशी उमेद. त्या ऋतूत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. होडी त्याच्या आधाराने बाहेर जाते. १० तारखेच्या पहाटे मतलई नव्हती. हवा कोंदटलेली होती आणि वारा दक्षिणेकडून येत होता. मामांनी वल्हे वाळूवर ठेवले आणि एवढेच म्हणाले, “आज नाय जावचा. वारो फिरलो हा.” पाहुण्यांपैकी एकाने आवाज चढवला. आम्ही पैसे मोजले आहेत, समोर समुद्र तर ठीक दिसतो आहे, बाकीच्या होड्या कशा गेल्या, असे सारे प्रश्न झाले. मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी चार माणसे बोलावून होडी किनाऱ्यावर माडांच्या रांगेपर्यंत ओढून घेतली आणि कनवटीचे पैसे काढून पाहुण्यांना परत केले.

११ तारखेला ‘फयान’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक नौका समुद्रात सापडल्या. कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. पुढचे काही दिवस बंदरात बायका उभ्या राहून प्रत्येक येणारे शीड निरखीत होत्या. ते दृश्य मी वर्णन करणार नाही. पाहुणे तोवर नागपूरला पोहोचले होते. मामांची त्या आठवड्याची कमाई शून्य होती. त्याविषयी कोणी बोलले नाही. मलाही ते बऱ्याच वर्षांनी सुचले.

समुद्रावरचे लहान अपघात अधिक वेळा होतात. शेंगटी मासा गळातून सोडवताना त्याच्या परांतील काटा हाताला लागला, तर वेदनेने धडधाकट माणूस रडतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. यांचे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि मग दवाखाना गाठावा. त्यासाठी मी होडीत चहाचा नव्हे, गरम पाण्याचा थर्मास ठेवतो. चहा मागणारे रुसतात.

आता तलावांकडे वळू. पूर्वी या भागात बदकांची शिकार होत असे. माझ्या वडिलांचे स्नेही असलेले एक वृद्ध मालगुजार तरुणपणी बंदूक घेऊन तलावावर जात. त्या काळी ती प्रतिष्ठेची गोष्ट होती. राजस्थानात भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही परवाना घेऊन काही प्रकारची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. ते योग्यच झाले. परंतु शिकाऱ्यांजवळ पाण्याचे जे शहाणपण होते, ते बंदुकीबरोबर टाकून देण्याजोगे नव्हते. होडीत पाय ठेवण्यापूर्वी बंदूक रिकामी करावी. उभ्या माणसाच्या उंचीच्या खाली नेम धरू नये, कारण पाणगवतात कोणी असेल ते दिसत नाही. आणि पडलेले बदक आणायला कमळाच्या वेलीत कधीही शिरू नये. शेवटचा नियम सांगताना मालगुजारांचा आवाज बदले. त्यांचा एक सोबती असाच शिरला होता. पाणी छातीएवढेच होते. देठ पायांना गुंडाळले गेले आणि तो जितका झटला तितका अडकत गेला.

आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे, पण वेल, चिखल आणि थंडी तीच आहे. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा आणि परसदा येथील तलाव आता पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२१ च्या आरंभी तेथे पक्षी महोत्सवही झाला. अडई, हळदकुंकू, चक्रवाक, तलवार बदक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब या भागात दिसतात. दुसऱ्या एका तलावावर मी पाच जणांना डोंग्यातून नेले होते. डोंगा केवटाचा. निघण्यापूर्वी बसून राहण्याविषयी सर्वांना सांगितले होते, सर्वांनी माना डोलावल्या होत्या. धुके विरले आणि डाव्या बाजूने शेकडो पट्टकादंब एकदम उठले. त्या पंखांच्या आवाजाने अंगावर काटा येतो. पाचही जण डावीकडे उभे राहिले. डोंग्याची कड पाण्याला टेकली. केवट “बइठव! बइठव!” असे ओरडला आणि स्वतः उजव्या कडेवर पालथा पडला, मीही पडलो. पाणी घोट्यापर्यंत आत आले, पण डोंगा सावरला. एका तरुणाने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले होते. तो पाण्यात पडला असता, तर बूट पाण्याने भरले असते आणि चिखलात पाय रुतल्यावर ते काढणे कठीण झाले असते. तेव्हापासून माझ्या डोंग्यात असे बूट चालत नाहीत, आणि जीवरक्षक जाकीट गळ्यात अडकवून नव्हे, तर पट्टे बांधून घालावे लागते. किनाऱ्यावर उतरताना मी माणसे मोजतो. सहाच जण असले तरी मोजतो.

मला अनेकदा विचारतात की, या व्यवसायात सर्वांत अवघड काय? मासा शोधणे किंवा पक्षी ओळखणे नव्हे. “आज जायचे नाही” असे म्हणणे अवघड आहे, आणि ते धाडसापेक्षा पैशाने अवघड होते. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्या दिवसाच्या फेरीवर पेटते, त्याला आभाळ थोडे अधिक स्वच्छ दिसू लागते. मामांजवळ दोन माडांच्या बागा होत्या, म्हणून ते पैसे परत करू शकले. केवटाजवळ डोंग्याखेरीज काही नाही. म्हणून मी पाहुण्यांकडून नाविकाची मजुरी आधी घेतो आणि ती वेगळी ठेवतो. वारा फिरला, धुके उठले नाही किंवा वीज कडाडू लागली, तर फेरी रद्द होते. माझे पैसे मी परत करतो, नाविकाचे करीत नाही. पाहुणे कुरकुर करतात, क्वचित भांडतातही. केवट मात्र अशा सकाळी आभाळाकडे पाहून, माझ्या तोंडाकडे न पाहता, डोंगा काठाला बांधून टाकतो.