न्हाणीघराचे अंदाजपत्रक

अंदाजपत्रक हा शब्द मोठा फसवा आहे. त्यात अंदाजही आहे आणि पत्रकही. परंतु पुष्कळदा आपल्या हाती येतो तो नुसता अंदाज, पत्रक काही येत नाही. या देशात येऊन स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांची बिऱ्हाडे १९५० आणि १९६० च्या दशकांत उभारलेल्या शिकूनांत आहेत. त्या घरांतील लोखंडी नळ आतून गंजले आहेत, आणि आज ना उद्या प्रत्येकाच्या दारात काब्लान उभा राहावयाचा आहे. तो जी रक्कम सांगेल ती रास्त की गैर, हे ओळखावे कसे? या प्रश्नाशी आम्ही उभयतांनी तीन महिने झुंज दिली. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

निकड दुहेरी होती. आईंचे वय ८४. टबाचा काठ ओलांडताना दोन वेळा त्यांचा तोल गेला, परमेश्वराने राखले. दुसरीकडे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतावर ओलीचा डाग पसरू लागला. आपल्याकडील जुन्या घरांत फरशी वाळूच्या थरावर बसविलेली असते आणि नळ त्याच वाळूतून गेलेले असतात. पाणी गळते एका कोपऱ्यात आणि वाळूतून झिरपत प्रकट होते भलत्याच ठिकाणी. म्हणजे प्रश्न केवळ आमच्या सोयीचा नव्हता, शेजारधर्माचाही होता. आणि पैसा? तो आईंनी स्वतःच्या पेन्शनीतून साठविलेला. “माझ्या आंघोळीपायी पोरांवर कर्ज नको,” हा त्यांचा हट्ट. अशा पैशाचा एक शेकेलही डोळे मिटून देता येत नाही.

आम्ही तिघांना बोलाविले. पहिला आपल्याच समाजातला, लग्नामुंजीत पंगतीला मांडीला मांडी लावून बसणारा. त्याने उभ्या उभ्या सांगितले, २६,००० शेकेल. दुसऱ्याने लेखी दिले, ३४,०००. तिसऱ्याचे दोन पानी पत्रक आले, ३९,०००. वरवर पाहता निर्णय सोपा होता. परंतु तीन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे तुलना झाली असे होत नाही. एक किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि झाकलेली टोपली यांच्या किमतींची तुलना कशी करणार?

आमचे दिवंगत वडील मुंबईस पी. डब्ल्यू. डी. मध्ये कारकून होते. तेथे कंत्राटदाराचे बिल मंजूर होण्यापूर्वी मेजरमेंट बुकात प्रत्यक्ष मोजमाप चढवावे लागे. वडील म्हणत, “आधी माप, मग दर, मग रक्कम. रकमेपासून सुरुवात करणारा माणूस उलटा चालतो.” कोकणात घाण्याचे तेल मापून विकणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांना हे वेगळे शिकविण्याची गरज पडू नये.

आम्ही टेप घेऊन बसलो. न्हाणीघर १.७० मीटर रुंद, २.२० मीटर लांब, जमीन ३.७४ चौरस मीटर. चारी भिंतींचा घेर ७.८० मीटर, २.४० मीटर उंचीपर्यंत फरशी लावावयाची तर १८.७२ चौरस मीटर. त्यातून दार व खिडकी वजा जाता सुमारे १७. एकूण २०.७ आणि तुटफुटीसाठी दहा टक्के, म्हणजे २३ चौरस मीटर. तिसऱ्याच्या पत्रकात आकडा होता ३०. विचारताच तो ओशाळला नाही की रागावलाही नाही. नजरेने धरले होते, म्हणाला. सात मीटरांची मजुरी आणि फरशी, दोन्ही मिळून मीटरला २१० शेकेलप्रमाणे १,४७० शेकेल त्याने तेथेच कमी केले. रक्कम झाली ३७,५३०. अर्ध्या तासाच्या मोजणीची ही कमाई.

दुसऱ्याच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: मआम वेगळा. १९७६ साली आठ टक्क्यांनी सुरू झालेला हा कर जानेवारी २०२५ पासून अठरा टक्के आहे. ३४,००० चे झाले ४०,१२०. म्हणजे जो स्वस्त वाटत होता तोच महाग. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा असावा: रक्कम मआमसह की मआमविना?

आता आपल्या माणसाविषयी. त्याच्याकडे लेखी पत्रक मागणे आमच्या वडीलधाऱ्यांना रुचले नाही. “आपल्या माणसावर विश्वास नाही काय?” असे आम्हांस विचारण्यात आले. आमचे मत निराळे आहे. कागद अविश्वासाचा नसतो. तो दोघांच्याही स्मरणशक्तीला आधार असतो. परक्याशी बिनसले तर व्यवहार तुटतो, आपल्या माणसाशी बिनसले तर पंगत तुटते. म्हणून आपल्याच माणसाशी व्यवहार अधिक स्वच्छ लिहिलेला हवा. आम्ही त्याला चहाला बोलावून तिसऱ्याच्या पत्रकातील कामांची यादी, रकमा झाकून, पुढे ठेवली. तो शांतपणे एकेक कलम पाहत गेला. जुने नळ बदलणे, ४,५०० अधिक. फरशीखालील इत्तुम, १,८००. राडारोडा परवान्याच्या जागी टाकणे, १,५००. शौचकूप, बेसिन व तोट्या, ५,०००. बेरीज झाली ३८,८००, आणि तीही पावतीविना. मग तोच म्हणाला, “भाऊ, खरे सांगू? मी फरशी चांगली बसवितो. हे बाकीचे माझे काम नव्हे.” त्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात त्याच्याविषयीचा आदर दुणावला. तो आजही पंगतीला आमच्या शेजारीच बसतो.

राहिला तिसरा. त्याची रक्कम रास्त होती काय? ३७,५३० मधून मआमचे सुमारे ५,७२५ गेले, उरले ३१,८०५. दोन माणसे बारा दिवस, म्हणजे चोवीस रोज. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ७०० च्या दराने १६,८००. सामान ९,५००. उरलेल्या ५,५०५ मध्ये वाहतूक, राडारोडा, विमा आणि त्याचा नफा. यात लूट कोठे आहे? नफा म्हणजे चोरी नव्हे. त्यालाही मुलेबाळे आहेत. घासाघीस करून तो नफा पिळून काढला असता तर त्याने बचत कोठे केली असती? जेथे आपला डोळा पोहोचत नाही तेथे, म्हणजे फरशीखाली. फरशीच्या सांध्यांतील चुना पाणी अडवीत नाही; पाणी अडविते ते खालचे इत्तुम. ते एकदा झाकले गेले की त्याची साक्ष देणारा उरतो तो फक्त खालचा शेजारी.

म्हणून आम्ही रकमेवर न भांडता अटींवर आग्रह धरला. इत्तुमचे दोन हात, तेही भिंतीवर चढविलेले. त्यानंतर निचऱ्याचे तोंड बंद करून एक दिवस आणि एक रात्र पाणी भरून ठेवणे, आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताची पाहणी त्यांच्याच समक्ष. निचऱ्याकडे मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार. टबाऐवजी सपाट जागा, न घसरणारी फरशी आणि आईंच्या हाताच्या उंचीवर मजबूत दांडा. पैसे टप्प्याटप्प्याने: करारावर दहा टक्के, नळ बदलल्यावर तीस, पाण्याची परीक्षा उतरल्यावर तीस, फरशी झाल्यावर वीस आणि वापर सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर शेवटचे दहा. फोडल्यानंतर काही अनपेक्षित निघाले तर लेखी संमतीवाचून जादा काम नाही. हे सारे त्याने विनातक्रार मान्य केले, आणि त्या मान्यतेनेच आमचा उरलासुरला संशय फिटला.

ज्यांच्या घरी हे काम निघेल त्यांस आमची विनंती एवढीच: १९६९ च्या कायद्यानुसार काब्लानांची सरकारी नोंदवही आहे, तीत नाव पाहावे. देकेलची दरसूची कोणा जाणत्याकडून चाळून घ्यावी. हिब्रू कागद वाचणे जड जात असेल तर संकोच न करता नातवंडांस बसवून प्रत्येक ओळ मराठीत ऐकावी, आणि जी ओळ समजली नाही तिच्याखाली सही करू नये. सर्वांत कमी रक्कम ती रास्त रक्कम नव्हे, सर्वांत जास्त तीही नव्हे. जिचा प्रत्येक शेकेल कोठे जाणार हे देणारा आणि घेणारा दोघेही सांगू शकतात, ती रास्त.