काकीचं नाव

भाऊच्या धक्क्यावर सकाळी पोचले तेव्हा मासळीचा लिलाव आटोपला होता आणि ओल्या फरशीवर बर्फाचे तुकडे वितळत होते. रेवसची लाँच लागली होती. माझे आजोबा या लाँचमध्ये आयुष्यात कधी बसले नाहीत. मुंबईहून गावी जायचं तर पेण-वडखळमार्गे, एस.टी.नेच; अर्धा दिवस मोडला तरी चालेल. आषाढातल्या अमावास्येला आळीत घरोघरी मटण शिजायचं, आमच्याकडे मात्र वरण-भात. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आजोबा गेल्यावर मी वंशावळ लिहायला घेतली. सातबारा, शाळेचे दाखले, देवघरातल्या जुन्या वह्या यांच्या आधारे पुरुषांची नावं भराभर पाच पिढ्या मागे गेली. आजोबांच्या आईचं नाव लिहिलं, ते बघून बाबा म्हणाले, "ही अण्णांची सावत्र आई. सख्खी 'रामदास'वर गेली."

"नाव काय तिचं?"

बाबांना ठाऊक नव्हतं. कागदावर बापाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं आणि आईचं एका पावसाळ्यात पुसलं जातं, हे मला फार लागलं. म्हणून ही लाँच.

धक्का मागे पडला. डाव्या हाताला घारापुरी धुक्यात होती. मी तांडेलाला काशाचा खडक विचारला. त्याने उजवीकडे, उघड्या समुद्राच्या दिशेने नुसता हात केला आणि पुढे काही बोलला नाही. रेवसच्या वाटेवर हा खडक विचारणारी माणसं कुठल्या घरातली असतात, हे त्याला माहीत असावं.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, मुंबईत पोट भरणारी माणसं अवसेसाठी घराकडे निघाली होती. सकाळी आठला 'रामदास' आगबोट रेवसला जायला सुटली, खच्चून भरलेली. काशाच्या खडकाच्या आसपास वारा-पाऊस आडवा आला, लाटा आत यायला लागल्या, घाबरून लोक एका अंगाला सरकले आणि बोट कलंडली. ६००हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला पत्ता लागेपर्यंत दिवस कलला. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांमधली मासळी समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसं ओढून घेतली. दिवसभराची कमाई अशी पाण्यात टाकणाऱ्या त्या हातांविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

रेवसला उतरून रिक्षाने आमच्या गावी गेले. आजोबांची चुलत बहीण, आमची आत्याआजी, आता शहाऐंशीची. ओटीवर वाल सोलत होती. तिला सगळं आठवत होतं. पणजोबा परळला गिरणीत होते. पोरांना सासूजवळ ठेवून काकी आठ दिवसांसाठी त्यांच्याकडे गेली होती आणि लावणीला हात हवेत म्हणून एकटीच परत येत होती.

"मला लाल रिबीन आणते बोलली होती," आत्याआजी म्हणाली. "मी रोज बंदरावर जायची. बाया तिथे बसून असायच्या, कुठलं प्रेत लागतंय का बघायला. आमची काकी नाही लागली."

"आजी, तिचं नाव?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आम्ही काकीच बोलायचो, बाय. सासू 'सूनबाय' बोलायची. नाव कोण घेतंय?" मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "बोडणीला जा. तिचं माहेर तिथलं."

बोडणी रेवसच्या शेजारचं कोळीवाड्याचं गाव. गल्ल्यांमधून जाळी पसरलेली, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. पणजीच्या भावाचा मुलगा, माझे नात्याने आजोबाच, दारात जाळं विणत होते. ओळख सांगितली. ते उठून आत गेले आणि फळीवरून एक पितळी समई घेऊन आले. काजळीने काळी झालेली, एक पाकळी तुटलेली.

"अवसेला सगळे दिवे पुजतात," ते म्हणाले. "आमच्या बापाने ही एक वेगळी ठेवली. ती खळ्यात लावायची, समुद्राकडे वात करून. लावताना नाव घ्यायचं. बाप गेल्यापासून मी घेतो."

आणि त्यांनी नाव घेतलं. माहेरचं आधी, मग लग्नात बदललेलं. सत्तरहून अधिक वर्षं आमच्या घरात जे एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं, ते इथे दर आषाढात मोठ्याने घेतलं जात होतं. आम्ही मटण वर्ज्य केलं होतं आणि त्यांनी दिवा ठेवला होता. मधे जेमतेम तासाभराची वाट, पण या घरचं त्या घरी कुणाला माहीत नव्हतं. ती दोन्ही नावं मी वहीत लिहिली, त्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. इथे छापत नाही. आधी घरात रुळू देत.

परतीच्या लाँचची वाट बघत रेवसच्या जेट्टीवरून बाबांना फोन लावला. नावं सांगितली. पलीकडे काहीच आवाज नाही. मग त्यांनी माहेरचं नाव सावकाश, एकदाच म्हटलं.

"दिवा कसला लावतात गं," त्यांनी विचारलं, "तेलाचा की तुपाचा?"

"तेलाचा, बाबा. गोड्या तेलाचा."