भांडणाऱ्या पुण्याच्या फायली

शहर समजून घ्यायचं तर मी वाड्यांवरच्या पाट्यांआधी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडतो. कागद पिवळा पडलेला, कडा बोट लागताच भुगा होणाऱ्या. मजकूर मात्र अजून तापलेला.

एकोणिसाव्या शतकातलं पुणं या पानांवर कडाकडा भांडताना भेटतं. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, आगरकर त्याचे संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल लिहिताना दिवाण बर्व्यांवर आरोप केले, म्हणून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस तिथे काढले. इतक्या जवळचे हे मित्र. पण आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, या प्रश्नावर दुरावले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाहावर, विधवांच्या केशवपनावर ते इतकं रोखठोक लिहीत, की सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. लेखणी थांबली नाही. सरकारने तुरुंगात घालावं हे एक. आपल्याच आळीने तिरडी बांधावी आणि तरी पुढचा अंक वेळेवर काढावा, हे धैर्य मला त्याहून मोठं वाटतं.

पण एवढ्यावर फाईल मिटली तर निम्मं पुणं हातचं सुटतं. ‘केसरी’च्याही चार वर्षं आधी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी याच शहरात ‘दीनबंधु’ सुरू केला होता. सत्यशोधकांची, शेतकऱ्यांची, राबणाऱ्यांची बाजू त्यात उमटे. पुढे १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईहून चालवला. ज्यांची दुःखं सदाशिव-नारायण पेठांतल्या वादांत क्वचितच येत, ती माणसं इथे स्वतः बोलतात. या फायली शेजारी शेजारी ठेवल्या, की शहर पुरं दिसू लागतं. कोण बोललं, कोणाला उत्तर मिळालं आणि कोणाचं म्हणणं अनुत्तरित राहिलं, तेही कळतं.

बोलण्याचं स्वातंत्र्य कायद्याने मिळतं. ते टिकतं मात्र विरोधकाचा मजकूरही जपणाऱ्या गावात. म्हणून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या वाचनालयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आपल्या गावची साप्ताहिकं रद्दीत देऊ नका. त्यांतली पत्रं, खुलासे, निषेधसभांच्या बातम्या, सगळं सांभाळा. आणि जी बाजू आपल्याला पटत नाही, तिचे अंक आधी बांधून घ्या.