टायर बारीक, वाट कोकणातली!

पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघायचं, हरिहरेश्वरला समुद्र गाठायचा आणि मग किनाऱ्या-किनाऱ्याने थेट गणपतीपुळे. तेही सायकलने! दादाने ही कल्पना काढली तेव्हा मी अर्ध्या मिनिटात ‘हो’ म्हटलं. त्याच्या ऑफिसने वर्षभराने एकदाची सलग रजा मंजूर केली होती. भानगड एकच होती. त्याची सायकल साधी हायब्रिड, टायर 38 मिलिमीटरचे. माझी चकाचक रोड बाइक, टायर 25 चे.

‘‘अगं, मागे बॅगा बांधणार आहेस तू. निदान कुणाची तरी दुसरी सायकल माग,’’ दादा म्हणाला.

‘‘तू तुझा ट्रॅक्टर आण. मी घाटमाथ्यावर वाट बघते,’’ इति मी.

ताम्हिणीपर्यंत माझंच खरं झालं. गुळगुळीत डांबर, मुळशीचं पाणी, शंभर पीएसआय हवा भरलेले टायर... सायकल नुसती पळत होती. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत दुसऱ्या संध्याकाळी हरिहरेश्वर आलं. तोवर तळहात बधिर झाले होते, पण ते सांगतंय कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याच्या जेटीवरून फेरीबोटीत सायकली चढवल्या. सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलं की रायगड संपतो, रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. इथून बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले असा रस्ता कधी समुद्राला चिकटून, कधी माडांतून, तर कधी अचानक अंगावर येणारा चढ घेऊन जातो. देखणा म्हणजे किती देखणा! पण मधे मधे डांबर उखडलेलं, वर सुटी खडी आणि जांभ्याची लाल माती. दादा त्यावरून गाणं गुणगुणत जात होता. मी प्रत्येक खड्ड्याला ब्रेक दाबत होते.

पहिलं पंक्चर वेळासच्या आधी. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली होती. तासाभराने दुसरं, तसंच. तिसऱ्या वेळी टायरच बाजूने फाटला.

सायकल ढकलत पुढच्या गावात पोहोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. पंक्चरवाल्या काकांच्या दुकानात छताला टायर टांगलेले, त्यावर चक्क 28 आकडा. आणि माझ्यासारखी चाकंही 28 इंचीच म्हणवतात! मी खूश. काकांनी टायर चढवून पाहिला, फिरवून पाहिला आणि मान हलवली.

‘‘ताई, ह्यो नाय बसायचा. ढिला होतोय.’’

काकांचं बरोबर होतं. गावाकडच्या काळ्या सायकलचा 28 बाय दीड इंची टायर 635 मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. माझं रिम 622 चं. नाव एक, फरक 13 मिलिमीटरचा. शेवटी त्यांनी जुन्या टायरचा तुकडा कापून आतून गेटर टाकला. ‘‘हळू जावा, लांब नका जाऊ,’’ म्हणाले. मुक्काम तिथेच पडला. दुसऱ्या दिवशी टेम्पोने दापोली आणि तिथून पुण्याची गाडी. दादाची सायकल ठणठणीत होती, तरी तो माझ्याबरोबर परत आला. ‘मी सांगितलं होतं’ हे त्याने एकदाही म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर डोकं शांत ठेवून हा विषय समजून घेतला. बारीक टायर म्हणजे वेग, हे मी गृहीत धरलं होतं. गंमत म्हणजे हवेचा दाब सारखा असेल तर रुंद टायर उलट हलका फिरतो. दोन्ही टायर जमिनीला साधारण सारख्याच क्षेत्रफळावर टेकतात. पण बारीक टायरचा टेकलेला भाग लांबट असतो, त्यामुळे तो जास्त वाकतो आणि त्यात ताकद वाया जाते. शर्यतीतले सायकलपटूसुद्धा 23 वरून आधी 25 वर आणि आता 28 वर किंवा त्याच्याही पुढे गेलेत.

रस्ता खराब असला की हिशेब आणखी बदलतो. दगडासारखा कडक टायर प्रत्येक खडीवर सायकलला, सामानाला आणि आपल्याला वर उचलतो. ती मेहनत आपल्याच पायांची! रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून दाब कमी ठेवता येतो. खडी टायरमध्ये दबते, आपण सरळ पुढे जातो. बारीक टायरमध्ये दाब कमी करायची सोयच नसते. केला की चिमटा बसलाच.

मग रुंद तर किती रुंद? इथे फ्रेम ठरवते. माझ्या रोड बाइकच्या ब्रेकखाली 28 च्या वर काही मावत नव्हतं. म्हणून एक सेकंडहँड हायब्रिड घेतली, तिला 35 चे, कमी नक्षीचे टायर लावले. मी 62 किलो, सायकल आणि सामान मिळून 25. मागे साठ पीएसआय, पुढे पंचेचाळीस. डांबरावर ट्रॅक्टरसारखी खोल नक्षी नुसती घरघरते, तीही नको.

पुढच्या जानेवारीत दादाने पुन्हा रजा टाकली. ताम्हिणीत मी पूर्वीपेक्षा जराशी मागे पडले, खोटं कशाला बोलू? पण वेसवी ते आंजर्ले एकदाही खाली न उतरता आले. त्या दुकानाशी मुद्दाम थांबलो. काकांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि हसले. शेजारी एका दूधवाल्याची काळी सायकल उभी होती, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली. तिच्या टायरची रुंदी माहितीय? साधारण 40 मिलिमीटर. मी पुण्यात बसून एवढा अभ्यास केला, त्याचं उत्तर इथे रोज सकाळी दूध घालत फिरत होतं!

पुढे हर्णैचा मासळीबाजार, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी... आणि गणपतीपुळे. दादा घाटमाथ्यावर माझी वाट बघत नव्हता. आम्ही बरोबरच पोहोचलो.

निघण्याआधी एवढं बघा

• वाटेतल्या सगळ्यात वाईट रस्त्याचा विचार करून रुंदी ठरवा. सामानासह चांगल्या डांबरावर 28 ते 32, कोकणासारख्या मिश्र रस्त्यावर 35 ते 40.

• टायरच्या बाजूला ‘35-622’ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

• टायर आणि फ्रेम, मडगार्ड यांच्यात सगळीकडून निदान 5 मिलिमीटर जागा हवी. चिखल तिथेच अडकतो.

• टायरवर छापलेला सर्वांत जास्त दाब ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. मागच्या चाकात थोडी जास्त हवा, पुढच्यात कमी.

• दोन ट्यूब, पंप आणि जुन्या टायरचा वीतभर तुकडा बॅगेत ठेवाच. गेटरसाठी!