शेरूच्या साखळीने पाहिलेले वाशीम

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला एखादा चांगला सोबती हवा असे म्हणतात. कोणाला इतिहासाचा जाणकार मित्र लाभतो, कोणाला गळ्यात कॅमेरा अडकवलेला मेहुणा. माझ्या वाट्याला आला तो शेरू. वय पाच वर्षे, वजन ३१ किलो, जात विचाराल तर अस्सल गावठी. स्वभाव असा की समोरून दुसरे कुत्रे दिसले, मग ते पावशेराचे पिल्लू का असेना, की साखळीसकट माझा खांदाही बरोबर न्यायचा. वाशीम जिल्हा मी जो काही पाहिला, तो या सोबत्याच्या सोयीने पाहिला.

शेरू आमच्याकडे आला तो दत्तक म्हणून. समोरच्या घरातले एक अधिकारी बदली होऊन मुंबईला गेले आणि तिथल्या दोन खोल्यांत त्याला जागा नव्हती. त्यांच्या घरी तो मोठ्या लाडात वाढला होता. दोन वेळा दूधभात, चहाबरोबर बिस्किटे, आणि जेवायला बसेल त्याच्या ताटातला एकेक घास. खच्ची केलेल्या कुत्र्याची भूक कमी होत नाही, पण त्याच्या शरीराची गरज मात्र कमी होते. हे त्या घरात कोणी कोणाला सांगितले नसावे.

गावात ज्याला ‘ढोराचा दवाखाना’ म्हणतात, तिथल्या डॉक्टरांनी शेरूच्या अंगावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “पंजा सपाट ठेवून उलट्या बाजूवरून बोट फिरवा. हाडं लागतात ना? निरोगी कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. आता याच्या शोधा.” मी शोधल्या. नव्या गादीवरून हात फिरवल्यासारखे वाटले. वजन करायला आम्ही त्याला एका अडतीच्या दुकानातल्या काट्यावर उभे केले, तेव्हा तिथला हमाल म्हणाला, “अर्ध्या पोत्याच्या वर गेलं न बापा तुमचं कुत्रं!” मागच्या पायांचे सांधे आताच कुरकुरू लागले आहेत, वजन उतरले नाही तर दोन-तीन वर्षांत त्याला उठणे कठीण होईल, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र उतरवायचे ते हळूहळू, आठवड्याला शेकडा एक-दोन टक्के.

म्हणजे औषध एकच, मोजून खाणे आणि भरपूर चालणे. पण चालायला जावे तर गल्लीगल्लीत त्या त्या गल्लीचे मानकरी बसलेले! कुत्र्याचे पिल्लू जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जे पाहते, ते त्याला आयुष्यभर आपले वाटते. शेरूने त्या दिवसांत चार भिंती पाहिल्या. तो इतर कुत्र्यांवर धावतो तो रागाने नव्हे, भीतीने. गळ्यात साखळी असल्याने पळता येत नाही, म्हणून तो आधीच ओरडून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे अंतर. दुसरे कुत्रे दिसावे पण छाती धडधडू नये, इतक्या लांब उभे राहायचे, शांत राहिला की खाऊचा एक कण द्यायचा, आणि आठवड्या-आठवड्याने ते अंतर चार पावलांनी कमी करायचे.

त्यामुळे आमचे फिरणे पहाटे चारला सुरू झाले, आणि खरे वाशीम मला दिसले ते त्या वेळी. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली इथेच उजेडात आला, आणि अजिंठ्याच्या लेण्यांना ज्याच्या काळात बहर आला तो हरिषेण याच घराण्यातला. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले आहे! अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेल्या बालाजी मंदिराचा कळस पहाटेच्या अंधारात हळूहळू आकाशातून सुटा होतो, आणि पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर ओल्या दगडाचा वास येतो. दिवसा गर्दीत यातले काही हाती लागत नाही.

उजाडले की मात्र दुसरे संकट उभे राही. लोकांचे प्रेम! दूधवाला, पोह्याच्या गाडीवाला, देवळातून परतणाऱ्या आजीबाई, प्रत्येकाच्या हातात शेरूसाठी काहीतरी असायचेच. मी नको म्हटले की आजी डोळे वटारायच्या, “काऊन भाऊ, मुक्या जीवाले उपाशी ठेवता का?” आता यावर काय बोलावे! वाशीमला लागूनच हिंगोली जिल्हा, आणि त्यातले नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावणारे ते नामदेव! त्यांच्या शेजाऱ्यांना ‘कुत्र्याला तूप घालू नका’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे? शेवटी आमच्या सौ.नी तोड काढली. शेरूच्या रोजच्या मापातूनच मूठभर उकडलेली गाजरे आणि फरसबी बाजूला काढून एका डब्यात भरली आणि तो डबा आजींच्या स्वाधीन केला. खाऊ घालण्याचे पुण्य आजींचे, हिशेब आमचा.

खरी कसोटी पुढे होती. एका सकाळी गल्लीतला एक मुलगा पिल्लू कडेवर घेऊन अचानक वळणावर आला. शेरू उसळला, साखळीने धरला, कोणाला ओरखडाही उठला नाही. पण मुलगा घाबरून पडला आणि संध्याकाळी चार वडीलधारी माणसे आमच्या ओसरीवर आली. “साहेब, कुत्रं वाईट हाय. रानात सोडून द्या.” त्यांचे चुकत नव्हते. लेकरे त्यांची होती. मी महिन्याची मुदत मागितली.

त्या महिन्यात आम्ही मोटारीने जिल्हा फिरलो, कारण उघड्या माळावर अंतर ठेवणे सोपे. कारंज्याला गेलो. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. गुरुमंदिरात आम्ही आळीपाळीने दर्शन घेतले, एकाने शेरूजवळ थांबायचे. दत्ताच्या तसबिरीत चार वेद चार कुत्र्यांच्या रूपाने एकमेकांशेजारी शांत असतात, त्यांचा मला हेवा वाटला. कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या अभयारण्याकडे मात्र आम्ही शेरूला फिरकू दिले नाही. तिथे कुत्र्याचे काम नाही.

मग मानोरा तालुक्यातले पोहरादेवी. बंजारा समाजाची ही काशी, संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय २०२४ साली इथे सुरू झाले. बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणि धान्य घेऊन देशभर हिंडणाऱ्या या लोकांच्या कुत्र्याची एक कथा ठिकठिकाणी सांगतात. छत्तीसगडातल्या बालोद जिल्ह्यात, खपरीच्या कुकुरदेव मंदिराशीही ती जोडलेली आहे. एका बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली आणि कुत्र्याने चोरीचा माल शोधून दिला. सावकाराने ‘कर्ज फिटले’ अशी चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला सोडले. कुत्रा आनंदाने धन्याकडे धावला. धन्याला वाटले, हा शब्द मोडून पळून आला. त्याने काठी घातली, आणि कुत्रा पडल्यावर चिठ्ठी वाचली.

परतीच्या वाटेवर मी शेरूकडे पाहत होतो. त्याच्या भुंकण्यातही चिठ्ठीच होती. ‘मला भीती वाटते’ एवढेच तीत लिहिलेले होते.

मुदत संपली तेव्हा मी ओसरीवर हीच कथा सांगितली आणि शेरूला मुसके घालून बाहेर आणले. जाळीचे मुसके, त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येते. मळणीच्या बैलाला मुसके घालणाऱ्या माणसांना त्यात नवल वाटले नाही. एक म्हातारबुवा म्हणाले, “हे बेस केलं. बैलालेही घालतोच न आपण.” लेकरांनी कुत्र्याच्या अंगावर धावून जायचे नाही, आणि शेरूने मुसक्याशिवाय गल्लीत यायचे नाही, असा तह झाला.

आज सव्वा वर्षाने शेरू २५ किलोंचा आहे. बरगड्या लागतात. दुसरे कुत्रे वीस पावलांवर असले तर तो माझ्याकडे पाहतो. दहावर आले तर अजून उसळतो. पूर्ण बरा तो बहुधा कधीच होणार नाही. फटाक्यांच्या रात्री त्याला अंधार पडण्याआधी फिरवून आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवतो आणि रेडिओ मोठ्याने लावतो. फराळही त्याच्यापासून दूर असतो, कारण बेदाणे, कांदा आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासारखी.

वाचकहो, या हिवाळ्यात वाशीमकडे जरूर या. पहाटे बालाजी पाहा, कारंजा पाहा, पोहरादेवीला जा. आणि मुसके घातलेले कुत्रे घेऊन एक गृहस्थ तुम्हांला पाहताच रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तर राग मानू नका. लांबूनच हात हलवा. बिस्कीट मात्र खिशातच राहू द्या!