‘तो’ आणि ‘ते’

आपल्या घरांत हजरत ईसा (अलै.) यांचं नाव परकं नाही. मुलीचं नाव मरियम ठेवताना कुणाला विचारावं लागत नाही. कुरआनात एक पूर्ण सूरह हजरत मरियम यांच्या नावाची आहे आणि कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री त्या एकट्याच. पित्याविना झालेला जन्म, पाळण्यातलं बोलणं, आजाऱ्यांना बरं करणं, इंजील, कयामतीपूर्वी त्यांचं परत येणं, हे सगळं आपण नानीच्या मांडीवर ऐकलेलं असतं. त्यामुळे ख्रिस्ती माणूस भेटला की वाटतं, याचा धर्म आपल्याला निम्मा ठाऊकच आहे. उरलेल्या निम्म्याचा निकाल आपण एका वाक्यात लावतो: हे लोक तीन देव मानतात.

मी वसईत एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणित शिकवणारी एक ख्रिस्ती बाई बसायची. कुपारी समाजातली, घरी कादोडी बोलणारी, बावखलाकाठच्या वाडीत वाढलेली. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो केलं, मग ते आपोआप गळून पडलं. रमजानमध्ये ती माझ्यासमोर डबा उघडायची नाही. तिचा उपवासकाळ सुरू झाला की राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण घेऊन वर्गावर जायची आणि दर शुक्रवारी मांस-मटण बंद. ईदच्या डब्याला ती त्या शुक्रवारी नकार द्यायची, शनिवारी सकाळी मात्र तोच डबा मागून घ्यायची.

एकदा मुलांचे निबंध तपासताना तिने मला टोकलं. ‘तू ईसांना नेहमी “ते” म्हणतेस. का गं?’ मी म्हटलं, ‘पैगंबर आहेत. एकेरी कसं बोलू?’

‘आणि अल्लाहला?’

‘तो.’

‘मग झालं तर. मीही येशूला “तो” म्हणते ते त्याच कारणानं.’

मराठी शिकवणारी मी, आणि सर्वनामाचा हा धडा मला गणिताच्या बाईने दिला. मराठीत मोठ्या माणसाला आदरार्थी ‘ते’ म्हणतात आणि देवाला एकेरी ‘तो’. दोन धर्मांमधलं सगळ्यात मोठं अंतर या एका सर्वनामात मावतं. आमच्यासाठी ईसा (अलै.) अल्लाहचे थोर रसूल, पण बंदे. तिच्यासाठी येशू म्हणजे माणूस होऊन आलेला स्वतः देव.

‘तो’ की ‘ते’ हा वाद खुद्द ख्रिस्ती लोकांतही एकेकाळी कडाक्याचा झाला होता. अलेक्झांड्रियाचा अरियस नावाचा धर्मगुरू म्हणू लागला की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. भांडण इतकं पेटलं की सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद भरवली. निकाल अरियसच्या विरोधात गेला. तिथे ठरलेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पुढे वाढवलेला विश्वासांगीकार अजूनही जगभरच्या चर्चमध्ये म्हटला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, त्यामुळे माझ्या मैत्रिणीच्या गावात मिस्सा मराठीत होते. आपल्याकडचे काही वक्ते अरियसला जवळपास मुसलमान करून टाकतात. तसा तो नव्हता. पुत्र हा जगाच्या आधीचा आहे आणि त्याच्याकरवीच जग घडलं, असं तोही मानत होता. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या सोयीने सांगू नये, असं मला वाटतं.

तीन देवांचा प्रश्न माझ्या भाच्याने ईदच्या दिवशी सगळ्यांसमोर काढला. ‘मावशी, तुम्ही गणित शिकवता. एक अधिक एक अधिक एक किती?’ मला शेवयांची वाटी कुठे ठेवू असं झालं. ती मात्र हसली. म्हणाली, ‘बाळा, बेरीज वेगवेगळ्या वस्तूंची होते. देव एकच आहे, हे मीही म्हणते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे देव नाहीत. हे गणितासारखं सुटलं असतं तर मी सातवीलाच शिकवलं नसतं का?’ मग तिने एक गोष्ट सांगितली जी मला फार प्रामाणिक वाटली. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण दिलं होतं. पुढे कळलं की ते उदाहरणच चर्चच्या मताने चुकीचं आहे, कारण त्यातून एकच देव तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो, आणि ते मत चर्चने फार पूर्वीच नाकारलं. ‘म्हणजे सोपं करून सांगायला गेलं की पाखंड होतं,’ ती म्हणाली.

आणि ‘पुत्र’ म्हणजे देवाला बायको होती, मूल झालं, असं नव्हे. हे तीही तितक्याच तिटकाऱ्याने नाकारते. सूरह इखलास वाचणाऱ्या आपल्याला ‘पुत्र’ हा शब्दच मान्य नाही, तो कुठल्याही अर्थाने नाही, हे खरं. पण जे ती मानतच नाही ते तिच्या माथी मारून मग ते खोडून काढण्यात काय अर्थ आहे?

सगळे ख्रिस्ती एकसारखे मानतात असंही नाही. आमच्या शाळेत अहमदनगरकडच्या एक प्रॉटेस्टंट बाई होत्या, रेव्हरंड टिळकांच्या परंपरेतल्या. त्यांच्या चर्चमध्ये ना मूर्ती, ना मेणबत्त्यांची रांग. मारियेला प्रार्थना करण्यावरून या दोघींची जुंपायची. एक म्हणायची, आईकडे शब्द टाकायला सांगितला तर बिघडलं काय? दुसरी म्हणायची, देवाकडे थेट जाता येत असताना मध्यस्थ कशाला? माझे दोन मामा दर्ग्यावरून नेमके असेच भांडत. मी गुपचूप वह्या तपासायची.

खरा फाटा मात्र त्रैक्यापाशी फुटतो असं मला आता वाटत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, हजरत आदम (अलै.) यांच्यापाशी फुटतो. झाडाची गोष्ट दोन्हीकडे आहे. आपल्याकडे आदम आणि हव्वा दोघांनी तौबा केली, अल्लाहने माफ केलं, हिशोब तिथेच मिटला. प्रत्येक मूल कोऱ्या पाटीसारखं जन्मतं. त्यांच्याकडे, विशेषतः संत ऑगस्टिनच्या (३५४ ते ४३०) विचारांवर वाढलेल्या पश्चिमेकडच्या चर्चमध्ये, त्या पहिल्या पापाची जखम सगळ्या मानवजातीला लागली. माणूस आपल्या बळावर ती भरून काढू शकत नाही, म्हणून तारणारा लागतो. तो तारणारा दुसरं-तिसरं कुणी नसून स्वतः देव. बाप्तिस्मा, क्रूस, पुनरुत्थान, सगळं या एका गरजेतून येतं. आपल्याला जखमच मान्य नाही, मग औषधाची चर्चा कुठून सुरू करायची?

हे सगळं मी शांतपणे समजून घेतलं असतं आणि विसरलेही असते. पण आम्ही दोघी निवृत्त झाल्यानंतर तिचा नवरा गेला. जठराचा कॅन्सर. शेवटचे दोन महिने त्या माणसाने जे सोसलं ते इथे लिहीत नाही. त्याच्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर क्रूस होता, त्यावर खिळलेला येशू, बरगड्या दिसणारा. पूर्वी त्या घरात गेले की मी त्या भिंतीकडे पाहायचं टाळायची. एवढा छळ झालेला देह झोपायच्या खोलीत कशाला लावायचा, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत तो माणूस कूस बदलता येईनाशी झाल्यावर तिकडे टक लावून पडलेला असायचा.

दफनानंतर महिनाभराने ती मला म्हणाली, ‘मला एकच आधार आहे. देवाला ह्यांचं दुखणं नुसतं ठाऊक होतं असं नाही, देव स्वतः त्यातून गेलाय.’ मग थोड्या वेळाने तिने सरळ विचारलं. ‘तुमच्यात तो क्रुसावर गेलाच नाही ना?’

सूरह निसामध्ये हे स्पष्ट आहे. ईसांना त्यांनी ठार केलं नाही, सुळावर चढवलं नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. यात आमचा आदर आहे: अल्लाह आपल्या पैगंबराला शत्रूंच्या हाती असा सोडत नाही. पण त्या दुपारी मला दिसलं की माझा आदर तिच्या हातातली काठी काढून घेतो. मी खोटं बोलू शकत नव्हते. म्हटलं, ‘नाही गेले.’

ती गप्प राहिली. ‘मग तुम्ही कुणाकडे रडता?’

‘त्याच्याचकडे. त्याला कळण्यासाठी त्याला मरावं लागत नाही. ज्याने आपल्याला बनवलं त्याला आपली कळ ठाऊक असते, असं आम्ही मानतो.’ आणि मी तिला आपल्या पैगंबरांबद्दल सांगितलं. हजरत मुहम्मद (सल्ल.) यांची फातिमा सोडून बाकीची सगळी मुलं त्यांच्या हयातीत गेली. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा ते रडले, आणि रडणं म्हणजे अल्लाहच्या मर्जीविरुद्ध जाणं नव्हे, हे त्यांनी सोबत्यांना सांगितलं. तिने ते नीट ऐकलं. मग म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडे रडलेला माणूस आहे.’ ‘हो,’ मी म्हटलं. ‘माणूस.’ ‘मला तेवढं पुरत नाही गं,’ ती म्हणाली. ते बोलण्यात राग नव्हता. तिने उठून चहा टाकला.

एका गोष्टीत मात्र आम्हाला वाद घालावा लागला नाही. मेलेला माणूस पुन्हा उठवला जाईल, हिशोब होईल, हे दोघी मानतो. तिचा विश्वासांगीकार या आशेवरच येऊन थांबतो. तिच्या दृष्टीने येशू तिसऱ्या दिवशी उठला म्हणून बाकीचे उठतील. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात तर, तो उठला नसेल तर आपला विश्वासच फुकट, असं रोखठोक लिहिलं आहे. आम्हाला त्यासाठी अल्लाहचा शब्द पुरेसा. पण म्हणूनच ती तिच्या माणसाला मातीत ठेवते आणि मी माझ्या.

दोन नोव्हेंबरला त्यांच्याकडे मृतांचा दिवस असतो. आपल्याकडे शब-ए-बरातला कब्रस्तानात जातात तशी सगळी वाडी दफनभूमीत जमते, थडगी धुतलेली, वर शेवंती आणि झेंडूच्या राशी. गेल्या वर्षी तिने मला बरोबर नेलं. तिची प्रार्थना मी म्हटली नाही, तिनेही म्हणायला सांगितली नाही. मी बाजूला उभी राहून तिच्यासाठी सब्र मागितला. खाडीकडून वारा सुटला होता, तिची मेणबत्ती पुन्हा पुन्हा विझत होती.

‘तुमच्याकडे कबरीवर काय ठेवतात?’ तिने विचारलं.

‘फुलं. पण काही जण म्हणतात, तेही नको.’

‘आमच्यातही आहेत तसले,’ ती म्हणाली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. ‘जरा पदर आडवा धर.’