काडीला लागून

गवतावरच्या कोळ्याचा फोटो काढताना कॅमेऱ्याआधी ऊन जमवावं लागतं. सूर्य समोर ठेवून माळावर उकिडवं बसायचं आणि काडीन् काडी नजरेखालून घालायची. पलीकडून आलेल्या कोवळ्या उजेडात काडीची कड चमकते. ती जिथे किंचित जाड वाटते, तिथे बहुधा रन्सिनिया असते.

ही खेकडा-कोळ्यांच्या, म्हणजे थॉमिसिडी कुळातली. रन्सिनिया इन्सेक्टा ही तिची एक जात थेट जपान-जावापर्यंत पसरली आहे. लुडविग कॉख यांनी १८७५ साली तिचं वर्णन केलं. सासवड, सुप्याकडच्या माळांवर पवन्या नि मारवेल पिवळं पडायला लागलं की हे कोळी मला भेटतात. मादी सहा-सात मिलिमीटरची, वाळल्या गवताच्या रंगाची, अंगावर फिक्या उभ्या रेघा. पुढच्या पायांच्या दोन लांब जोड्या ती काडीवर सरळ ताणून धरते, मागच्या आखूड पायांनी काडी पकडते आणि काडीचीच होऊन जाते. शिकारीसाठी जाळं विणत नाही. माशी टप्प्यात आली की ताणलेले पाय झपकन मिटतात. रस शोषून झाला की माशीचं टरफल जवळजवळ अख्खं खाली पडतं. असं टरफल दिसलं की मी वर तुऱ्याकडे बघतो.

एकास एक आकारात फोटो घेताना रेखीव येणारा थर जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. त्यामुळे कॅमेरा काडीला अगदी समांतर हवा. जरा तिरका झाला की डोळे स्वच्छ आणि पोट धूसर. आपली सावली पडली की रन्सिनिया आडवी सरकत काडीमागे जाते. पुष्कळ जण अशा वेळी काडी मोडून हातात घेतात. मला ते मुळीच पटत नाही. मोडल्या काडीवर ती नुसती पळते, आणि टिपायचं असतं ते तिचं बसणं. जात नक्की करायची तर जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, म्हणून फोटोखाली मी ‘रन्सिनिया’ एवढंच लिहितो.

मादी गवतातच रेशमी कोष करून अंडी घालते आणि कोषाला चिकटून राखण करते. नवा चारा चांगला फुटावा म्हणून माळ पेटवतात, त्यात हे सगळं जातं. सरकारदरबारी ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीवर इतका जीव नांदतो, हे बघून मला दरवेळी तळमळायला होतं. माळावर मेंढरं चारणाऱ्या मंडळींना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोष दाखवतो आणि विनवतो, दादा, ओढ्याकडचा एक पट्टा तरी यंदा पेटवू नका.